१५,३४० की १६,७००? लांबच्या उड्डाणाचा हिशेब

वाचकाचं पत्र : आईला घेऊन सिंगापूरहून अमेरिकेत न्यू यॉर्कजवळच्या न्यूअर्कला थेट विमानाने जायचं आहे. आईचं वय ७२, गोळ्या वेळच्या वेळी लागतात, म्हणून प्रवासाचा नेमका वेळ काढायला बसलो आणि गोंधळ वाढला. अंतर एका ठिकाणी १५,३४० दिसतं, दुसरीकडे ९,५३०, तिसरीकडे ८,२८० आणि विमान कंपनीने सांगितलेलं १६,७००. वेळ कुठे १७ तास, कुठे पावणेएकोणीस. तिकिटावरच्या वेळा एकमेकींतून वजा केल्या, तर जाताना पावणेसहा तास आणि येताना जवळपास ३२ तास येतात! पूर्वेकडे जाणारं विमान लवकर पोचतं असं ऐकलं होतं, पण इथे जाण्यायेण्याचा वेळ जवळजवळ सारखाच दिसतो. यातलं काय धरायचं? गोळ्यांचं काय करू? आणि घ्यायला येणाऱ्या भावाला किती वाजताची वेळ सांगू?

उत्तर :

तुम्ही दिलेल्या चार अंतरांपैकी एकही चुकीचं नाही. पहिली तीन तर एकच आहेत, फक्त मापं वेगळी. १५,३४० किलोमीटर म्हणजे सुमारे ९,५३० मैल आणि तेच सुमारे ८,२८० सागरी मैल. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो आणि विमान वाहतुकीत अंतर त्यातच मोजतात. एखाद्या ठिकाणी आकड्यापुढे एकक लिहिलेलं नसेल, तर त्याला १.८५२ ने आणि १.६०९ ने गुणून पाहा. दोहोंपैकी एक उत्तर ओळखीचं निघतं.

हे १५,३४० तुम्हाला घरबसल्या पडताळता येईल, आणि तुमच्या मार्गाची गंमत अशी की त्याला त्रिकोणमितीही लागत नाही. सिंगापूरचा चांगी विमानतळ १.३६ अंश उत्तर अक्षांशावर आणि १०३.९९ अंश पूर्व रेखांशावर आहे. न्यूअर्क ४०.६९ उत्तर, ७४.१७ पश्चिम. एक पूर्वेला, एक पश्चिमेला, म्हणून रेखांशांची बेरीज करायची : १७८.१६. म्हणजे दोन्ही ठिकाणं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत, आणि त्यांना जोडणारी सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाजवळून जाते. आता सिंगापूरपासून ध्रुवापर्यंत ९० वजा १.३६, म्हणजे ८८.६४ अंश. ध्रुवापासून न्यूअर्कपर्यंत ९० वजा ४०.६९, म्हणजे ४९.३१ अंश. बेरीज १३७.९५. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश सुमारे १११.२ किलोमीटरचा, म्हणून १३७.९५ गुणिले १११.२, बरोबर १५,३४०.

दुसऱ्या कोणत्याही जोडीसाठी सूत्र वापरावं लागतं. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणा. दोन्ही उत्तरांची बेरीज करा, तिचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) घ्या आणि मिळालेल्या अंशांना १११.२ ने गुणा. लंडनचा हीथ्रो (५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम) आणि न्यू यॉर्कचा जेएफके (४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम) घेतले तर बेरीज ०.६४५१ येते, कोन ४९.८३ अंश आणि अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर. यात हमखास होणाऱ्या चुका दोनच. एक, कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियन या कोनाच्या दुसऱ्या मापावर असणं. दोन, पश्चिम रेखांश किंवा दक्षिण अक्षांश उणे चिन्हाशिवाय भरणं. दुसऱ्या चुकीने उत्तर हजारो किलोमीटरने बदलतं, आणि तरी आकडा खरा वाटतो, म्हणून ती जास्त वाईट. पृथ्वी विषुववृत्तावर किंचित फुगलेली असल्यामुळे या पद्धतीत जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याचा फरक राहतो. प्रवाशाला तेवढं पुरे.

आता १६,७००. हा आकडा सिंगापूर एअरलाइन्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये ही थेट सेवा पुन्हा सुरू करताना दिला होता, आणि त्याच्यासोबत ‘जास्तीत जास्त १८ तास ४५ मिनिटं’ हा वेळही. १५,३४० ही पृथ्वीच्या गोलावर ताणलेली दोरी आहे, तर १६,७०० ही विमानाने प्रत्यक्ष धरायची वाट. कंपनी जाणूनबुजून १,३६० किलोमीटर जास्त का उडते, हे कळलं की तुमच्या बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतील.

विमान जमिनीवर नाही, हवेवर चालतं, आणि ती हवा स्वतः वाहत असते. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्यांचे पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी १५०-२०० किलोमीटर हा त्यांचा नेहमीचा वेग, आणि हिवाळ्यात उत्तर प्रशांत महासागरावर तो ३०० च्या पुढेही जातो. तुमच्या विमानाचा हवेतला वेग ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.८५ पट असतो. त्या उंचीवर उणे ५६ अंश तापमानात तो ताशी साधारण ९०० किलोमीटर भरतो. आता हिशेब पाहा. वारा अजिबात नसेल तर ध्रुवाच्या वाटेने १५,३४० भागिले ९००, म्हणजे १७ तास. प्रशांत महासागराच्या वाटेने १६,७०० किलोमीटर, पण वाऱ्याची सरासरी ताशी ८० किलोमीटरची साथ मिळाली तर १६,७०० भागिले ९८०, पुन्हा १७ तासच. साथ ८० च्या वर गेली की लांबची वाट लवकर पोचवते आणि इंधनही कमी जाळते. म्हणून सिंगापूरहून निघालेलं विमान बहुतेक वेळा ईशान्येकडे वळून जपानच्या बाजूने प्रशांत महासागर ओलांडतं. मार्ग कायमचा आखलेला नसतो. उड्डाणाच्या काही तास आधी त्या दिवसाचे वारे पाहून तो ठरतो, म्हणून लागोपाठच्या दोन दिवसांचे मार्गही शेकडो किलोमीटरने वेगळे असू शकतात.

परतीच्या वाटेचं कोडंही इथेच सुटतं. पूर्वेकडे लवकर आणि पश्चिमेकडे उशिरा, हे लंडन-न्यू यॉर्कसारख्या जोडीला अगदी लागू आहे : न्यू यॉर्कहून लंडनला येताना साधारण सात तास, उलट जाताना आठच्या आसपास. फेब्रुवारी २०२० मध्ये तर वादळी वाऱ्याच्या साथीने एक प्रवासी जंबो न्यू यॉर्कहून लंडनला पाच तासांहून कमी वेळात पोचलं होतं. जमिनीच्या हिशेबात त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, पण हवेच्या हिशेबात त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता. तुमच्या जोडीत मात्र दोन्ही टोकं समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत. त्यामुळे न्यूअर्कहून निघालेल्या विमानालाही पूर्वेकडे तोंड करून अटलांटिक आणि युरोपवरून सिंगापूर गाठता येतं, आणि अनेकदा ते तसंच जातं. जाताना प्रशांत, येताना अटलांटिक, दोन्ही वेळा वारा पाठीशी. वेळ सारखा दिसतो तो यामुळे, आणि तुमची आई जाऊनयेऊन पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेली असेल.

वाऱ्याखेरीज वाट लांबवणारी आणखी कारणं आहेत. एखाद्या देशाची हवाई हद्द बंद झाली की काय होतं, याचं ठळक उदाहरण हेलसिंकी-टोकियो. २०२२ मध्ये रशियाची हद्द युरोपीय कंपन्यांना बंद झाली आणि नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेराच्या आसपास गेला. शहरं जागची हलली नाहीत, अंतर काढणारी संकेतस्थळं आजही तोच जुना आकडा दाखवतात. शिवाय दोन इंजिनांच्या विमानाला ठरावीक मिनिटांच्या आत गाठता येईल असा एखादा पर्यायी विमानतळ वाटेत सतत असावाच लागतो, त्यामुळे समुद्रावर आणि ध्रुवाजवळ वाट वळवावी लागते.

आता १७ तास विरुद्ध पावणेएकोणीस. संकेतस्थळं अंतराला एका ठरावीक वेगाने भागतात, काही त्यात अर्धा तास मिळवतात, बस. तिकिटावरची वेळ मात्र वेगळ्या गोष्टीची असते : गेटवरून विमान मागे ढकललं जातं त्या क्षणापासून ते पोचून गेटला लागतं त्या क्षणापर्यंत. तिला ब्लॉक टाइम म्हणतात. गर्दीच्या विमानतळावर धावपट्टीपर्यंत जायला १५-२५ मिनिटं, उतरल्यावर गेटपर्यंत ५-१५ मिनिटं. चढताना वेग कमी असतो आणि उतरणं मुक्कामाच्या सुमारे २०० किलोमीटर आधीच सुरू होतं, त्यात आणखी १५-२० मिनिटं जातात. उरलेला वेळ कंपनीने वारा आणि रांग यांच्यासाठी राखलेला असतो. साधं गणित हवं असेल तर दहा-बारा तासांच्या वरच्या प्रवासाला अंतर भागिले ८५० करा आणि पाऊण तास मिळवा. तुमच्या जोडीला हे उत्तर १८ तास ४८ मिनिटं येतं, तिकिटाच्या अगदी जवळ. पण तिकीट हातात असताना गणितावर विसंबू नका, तिकिटावरचा ‘प्रवासाचा कालावधी’ हाच आकडा धरा.

या विमानाविषयी एक गोष्ट सांगायला हवी, कारण आसन निवडताना ती कामी येईल. न्यूअर्कसाठी २०१८ मध्ये आणलेल्या एअरबस ए३५०-९०० च्या लांब पल्ल्याच्या प्रकारात टाकी १,६५,००० लिटरची आहे. ती पूर्ण भरली तर इंधनच सुमारे १३० टन होतं आणि उड्डाणाचं कमाल वजन २८० टन. जवळजवळ निम्मं वजन इंधनाचं, आणि पहिल्या तासांत जळणारं बरंचसं इंधन पुढचं इंधन वाहून नेण्यासाठीच खर्च होतं. म्हणून माणसं कमी घ्यावी लागतात : १६१ आसनं, त्यांतली ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी. साधी इकॉनॉमी त्यात नाही. सुरुवातीला विमान जड असल्यामुळे खालच्या उंचीवर उडतं आणि हलकं होईल तसं टप्प्याटप्प्याने वर चढतं. समोरच्या पडद्यावर मध्येच उंची वाढलेली दिसली तर आईला काळजीचं कारण नाही.

तिकिटावरच्या घड्याळी वेळा कधीही थेट वजा करू नका. सुटण्याची वेळ सिंगापूरच्या घड्याळातली असते, पोचण्याची न्यूअर्कच्या. दोन्ही यूटीसीत, म्हणजे जगभरच्या समान वेळेत, आणून मगच हिशेब करा. सिंगापूर यूटीसीच्या ८ तास पुढे. न्यूअर्क हिवाळ्यात ५ तास मागे, उन्हाळ्यात ४ तास मागे. समजा हिवाळ्यात विमान सोमवारी रात्री ११:३५ ला सुटतं आणि प्रवास १८ तास ४० मिनिटांचा आहे. ११:३५ मधून ८ तास वजा : यूटीसी सोमवार दुपारी ३:३५. त्यात १८:४० मिळवा : मंगळवार सकाळी १०:१५. त्यातून ५ वजा : न्यूअर्कला मंगळवार पहाटे ५:१५. तिकिटावर ‘+१’, म्हणजे पुढचा दिवस, दिसेल आणि वजाबाकी ५ तास ४० मिनिटं येईल, तुमची आली तशीच. येताना समजा सोमवारी रात्री १०:३० ला सुटलात आणि १८ तास ४५ मिनिटं लागली. यूटीसी मंगळवार पहाटे ३:३०, पोचणं मंगळवार रात्री १०:१५, सिंगापूरला बुधवार सकाळी ६:१५. म्हणून ‘+२’, आणि म्हणून ते ३२ तास. आंतरराष्ट्रीय वाररेषेसाठी वेगळा दिवस मिळवू किंवा वजा करू नका. यूटीसीच्या हिशेबात ती आलेलीच असते, आणि दुसऱ्यांदा धरणं हीच या बाबतीतली सर्वांत जास्त होणारी चूक.

उन्हाळ्याची वेळ, म्हणजे घड्याळ एक तास पुढे करणं, तारखेवर ठरते, हवेवर नाही. अमेरिकेत ती मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत. सिंगापूर घड्याळ बदलत नाही. तुमचं जाणं एका बाजूला आणि येणं दुसऱ्या बाजूला पडत असेल, तर फरक जाताना १३ तास आणि येताना १२, किंवा उलट. नकाशावरच्या रेखांशावरूनही वेळ ठरवू नका. १०४ पूर्व रेखांशाच्या हिशेबाने सिंगापूर ७ तास पुढे असायला हवं, पण १९८२ पासून ते अधिकृतपणे ८ तास पुढे आहे.

गोळ्यांचा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार चांगलं केलंत, कारण वेळेच्या गोंधळात सर्वांत जास्त नुकसान तिथेच होतं. गोळी घड्याळावर नाही, दोन गोळ्यांमधल्या तासांवर चालते. प्रवासात एक मनगटी घड्याळ सिंगापूरच्या वेळेवरच ठेवा आणि गोळ्या त्याच्यावर द्या. फोनच्या गजरावर विसंबू नका : उतरल्यावर फोन नेटवर्क पकडतो, वेळ आपोआप बदलतो आणि गजर स्थानिक ८ वाजता वाजतो, म्हणजे गोळीची खरी वेळ एक तासापूर्वीच होऊन गेलेली असू शकते. समजा आई सकाळी ८ आणि रात्री ८ ला गोळी घेते. वरच्या हिवाळी उदाहरणात रात्री ८ ची गोळी निघण्याआधी झाली. पुढची सिंगापूरच्या सकाळी ८ ला, म्हणजे विमान सुटल्यावर साधारण साडेआठ तासांनी. तेव्हा केबिनमध्ये अंधार असेल आणि आई झोपलेली असेल, म्हणून तुमचं लक्ष हवं. तिसरी सिंगापूरच्या रात्री ८ ला, म्हणजे न्यूअर्कच्या सकाळी ७ ला. त्या वेळी तुम्ही भावाच्या गाडीत, किंवा उशीर झाला तर अजून सामानाच्या पट्ट्याजवळ असाल. गोळ्यांची पिशवी हातात हवी, चढवलेल्या सामानात अजिबात नको, आणि तिच्यात दोन दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या व डॉक्टरांची चिठ्ठी असू द्या.

न्यूअर्कला पोचल्यावर उन्हाळ्यात तुमचं काम सोपं आहे. फरक बरोबर १२ तासांचा असल्यामुळे सिंगापूरचे सकाळचे ८ म्हणजे न्यूअर्कचे आदल्या रात्रीचे ८. दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळ्या घड्याळात त्याच आकड्यावर राहतात, फक्त सकाळची आणि रात्रीची अदलाबदल होते. मात्र सकाळी एक गोळी आणि रात्री वेगळी, असं असेल तर तेवढं पुरणार नाही. हिवाळ्यात त्यांच्या वेळा ७ वर येतात. दिवसातून एकदाच सकाळी घ्यायची गोळी संध्याकाळवर जाते. ती परत सकाळी कशी आणायची, आणि इन्सुलिन किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल तर काय करायचं, हे आपल्या मनाने ठरवू नका. निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी डॉक्टरांना सुटण्या-पोचण्याच्या वेळा सिंगापूरच्या घड्याळात लिहून द्या आणि गोळ्यांचं वेळापत्रक त्यांच्याकडून लिहून घ्या.

मध्ये थांबा घ्यावा का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात आला असेल. सिंगापूर-फ्रँकफर्ट सुमारे १०,३०० किलोमीटर, फ्रँकफर्ट-न्यू यॉर्क सुमारे ६,२००. बेरीज १६,५००, म्हणजे ध्रुवाच्या वाटेपेक्षा अकराशे-बाराशे किलोमीटरच जास्त. तरीही पोचेपर्यंत २४ तासांच्या आसपास जातात, कारण पुन्हा उतरणं, थांबणं, रांग आणि पुन्हा चढणं आलं. आईला चालायला मदत लागत असेल तर आमच्या मते थेट विमानच बरं. पायात रक्ताची गुठळी पूर्वी झालेली असेल, किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर मात्र १८ तास बसण्याआधी डॉक्टरांची परवानगी घ्या. एरवी कडेचं आसन, दर तास-दीड तासाने दोन मिनिटं उभं राहणं आणि पोटऱ्यांची हालचाल पुरते.

चाकांची खुर्ची लागणार असेल तर किमान ४८ तास आधी कंपनीला कळवा.

आता भाऊ. त्यांना वेळ सांगण्याआधी विमानतळ सांगा. ‘न्यू यॉर्क’ या एका नावाखाली तीन विमानतळ येतात, आणि त्यांतला न्यूअर्क न्यू जर्सी राज्यात आहे. सिंगापूरहून त्याच कंपनीचं एक विमान न्यूअर्कला जातं आणि दुसरं जेएफकेला. दोन्हींमध्ये सरळ रेषेत ३३ किलोमीटर आहेत, पण रस्त्याने मधलं सगळं शहर ओलांडावं लागतं. तेव्हा ‘न्यू यॉर्कला येतोय’ असं न कळवता उड्डाण क्रमांक, विमानतळाचा ईडब्ल्यूआर हा संकेत आणि टर्मिनल लिहून पाठवा. पहाटे ५:१५ ही विमान गेटला लागण्याची वेळ आहे. इमिग्रेशन, सामान आणि कस्टम्स धरून बाहेर यायला एक ते दीड तास सहज जातो. हिवाळ्यात वाऱ्याची साथ जोरात असली तर विमान अर्धा तास आधीही येतं. भावाला साडेसहाची वेळ द्या, आणि घरातून निघण्यापूर्वी उड्डाण क्रमांक टाकून विमान कुठवर आलंय ते पाहायला सांगा.